बार्सिलोनात दाढ दुखली तर? सरकारी काय मिळतं आणि खिशातून किती जातात

युरोपात दवाखाना फुकट असतो, ही समजूत आपल्याकडे पक्की बसलेली आहे. स्पेनच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन असो, हात मोडलेला असो की बाळंतपण, सरकारी आरोग्य कार्ड असलं की बिलाचा विषयच येत नाही. दात मात्र या व्यवस्थेतला मोठा अपवाद. बार्सिलोनाला मास्टर्स करायला गेलेला मुलगा, गोव्याहून क्रूझवर चढलेला स्टुअर्ड, पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात स्थिरावलेलं मडगावचं कुटुंब... या सगळ्यांना हा अपवाद कळतो तो दाढ ठणकायला लागल्यावर. आणि दाढ ठणकते ती नेमकी शनिवारी रात्री.

बेळगाव, कारवार, गोव्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत ज्यांच्या घरचं कुणी तिकडे आहे किंवा जायच्या तयारीत आहे, त्यांनी हा हिशेब आधीच समजून घेतलेला बरा.

सरकारी खिडकीत काय मिळतं

स्पेनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत काय काय द्यायचं याची यादी देशासाठी एकच आहे. ती २००६ च्या एका शाही आदेशाने ठरलेली आहे. दातांच्या बाबतीत मोठ्या माणसाला त्यात तपासणी, सल्ला, पू झाला किंवा सूज आली तर औषधोपचार, दात काढणं आणि तोंडाच्या कर्करोगाची शंका असेल तर पुढची तपासणी एवढं मिळतं. गरोदर बायकांना जादा तपासणी आणि प्रतिबंधक उपचार आहेत. २०२२ मध्ये सरकारने लहान मुलांसाठी ही यादी वाढवली, त्यामुळे १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना कायमच्या दातांचे काही उपचारही मिळतात. मुलं बरोबर असतील तर ही सोय सोडू नका.

पण मोठ्या माणसाचं फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, कवळी, इम्प्लांट, तारा यातलं काहीही नाही. याचा सरळ अर्थ असा, की सरकारी डॉक्टर तुमची दाढ फुकट काढून देईल, वाचवून देणार नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची वाचण्यासारखी दाढसुद्धा जाते. एवढ्या श्रीमंत देशात ही अवस्था आहे. आणि एकदा दाढ काढली की तिच्या जागी दुसरी बसवायचा खर्च रूट कॅनालच्या कितीतरी पट. म्हणून वेदना असह्य झाल्या तरी "काढून टाका" म्हणायच्या आधी एकदा खासगीत दाखवून दाढ वाचते का ते विचारा.

सरकारी सेवेत शिरायचा रस्ता असा. आधी महापालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करायची. तिला स्पॅनिशमध्ये एम्पाद्रोनामिएंतो म्हणतात, बोलताना नुसतं 'पाद्रोन'. पासपोर्ट आणि भाडेकरार दाखवला की ही नोंद होते, पैसे पडत नाहीत. तिकडे पाद्रोनशिवाय पान हलत नाही, त्यामुळे खोली घेतानाच मालकाला "पाद्रोन करून देणार ना?" हे विचारून घ्या. मग त्या भागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. बाकी स्पेनमध्ये त्याला 'सेंत्रो दे सालुद' म्हणतात, बार्सिलोनात 'काप'. आरोग्य कार्डाचा अर्ज इथेच होतो. दंतवैद्य प्रत्येक कापमध्ये असेलच असं नाही; नसला तर जवळच्या दुसऱ्या केंद्राची वेळ देतात.

बार्सिलोनात पाट्या दोन भाषांत असतात, कॅटलान आणि स्पॅनिश, आणि कुठली वर, कुठली खाली यावर वादही असतात. बेळगावच्या माणसाला यात नवीन काही वाटायचं कारण नाही. सरकारी कागद बहुतेक कॅटलानमध्ये येतात, पण काउंटरवर स्पॅनिश बोललेलं चालतं.

कुणाला कशाचा आधार

नोकरीवर गेलेल्याचे पगारातून सामाजिक सुरक्षेचे पैसे कापले जातात, त्यामुळे वर सांगितलेली सरकारी सेवा त्याला आपोआप लागू होते. विद्यार्थ्याचं वेगळं. व्हिसासाठीच स्पेनमध्ये काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा आरोग्य विमा काढावा लागतो. घरचे समजतात, एवढा विमा काढलाय म्हणजे दात त्यात आलेच. बहुतेक पॉलिसींत येत नाहीत. आलेच तर तपासणी, साधी दाढ काढणं, फार तर वर्षातून एकदा सफाई. पॉलिसीत 'ओदोन्तोलोहिया' हा शब्द शोधा आणि त्याखालच्या चार ओळी विमानात बसायच्या आधी वाचा.

गोव्यातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. पोर्तुगीज नागरिकत्वावर पोर्तुगालमध्ये राहणारा माणूस थोड्या दिवसांसाठी बार्सिलोनाला गेला, तर युरोपियन आरोग्य विमा कार्डावर त्याला स्थानिक माणसाला मिळते तेवढीच तातडीची सेवा मिळते. म्हणजे दाढ निघेल, रूट कॅनाल नाही. आणि ते कार्ड फक्त सरकारी केंद्रात चालतं, खासगी क्लिनिकमध्ये दाखवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जहाजावरच्यांची. बार्सिलोना हे भूमध्य समुद्रातलं क्रूझचं मोठं बंदर, आणि क्रूझवर आपली गोव्याची माणसं भरपूर. खलाशांच्या हक्कांबद्दल २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, तो भारतानेही मान्य केला आहे आणि स्पेननेही. अत्यावश्यक दंतोपचार त्यात वैद्यकीय सेवेचाच भाग धरलेला आहे, आणि शक्य असेल तिथे बंदरावर उतरून डॉक्टर किंवा दंतवैद्याकडे जायचा हक्क दिलेला आहे. कामावर असताना ही सेवा साधारणपणे खलाशाच्या खर्चाने नसते. त्यामुळे क्रूझवाल्याने स्वतःच्या खिशातून क्लिनिक गाठायच्या आधी जहाजाच्या डॉक्टरकडे लेखी नोंद करावी. कॅप, इम्प्लांट 'अत्यावश्यक'मध्ये धरत नाहीत, पण ठणकणारी, सुजलेली दाढ नक्की धरली जाते. "कॉन्ट्रॅक्ट संपू दे, घरी जाऊन बघू" म्हणून सहा महिने गोळ्या खात काढायची गरज नाही.

खासगी क्लिनिक: शोधायचं कसं

बार्सिलोनात गल्लोगल्ली दंतवैद्य आहेत, तरी नवख्याला ते सापडत नाहीत. कारण बरीच क्लिनिकं रस्त्यावर नसून जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, राहत्या फ्लॅटांच्या शेजारी असतात. त्यात एइशांपले भागात मजल्यांची मोजणी निराळी. तळमजल्यावर 'एन्त्रेसोल', त्यावर 'प्रिन्सिपाल', आणि त्यानंतर कुठे 'पहिला'. तेव्हा पत्त्यात पहिला मजला असला तरी जिने तीन चढायची तयारी ठेवा.

डॉक्टर खरा आहे की नाही हे तपासणं सोपं आहे. स्पेनमध्ये प्रत्येक दंतवैद्याला तिथल्या 'कोलेजिओ'चा सदस्य व्हावंच लागतं. हे कॉलेज म्हणजे शिकायचं कॉलेज नव्हे, आपल्याकडच्या डेंटल कौन्सिलसारखी संस्था. तिचा सदस्य क्रमांक डॉक्टरकडे असतो, तो मागितला तर कुणी रागवत नाही. नाव घालून तो ऑनलाइनही तपासता येतो. जुन्या पाटीवर 'एस्तोमातोलोगो' दिसलं तर बिचकू नका. १९८६ च्या कायद्याआधी तिकडे आधी एमबीबीएससारखं वैद्यकीय शिक्षण घेऊन मग दातांचं शिकावं लागायचं, त्या पिढीचं हे नाव.

आणि एक सावधगिरी. परदेशात गेलं की "आपल्यातलाच एक आहे, घरीच बघतो, स्वस्तात करतो" असं सांगणारे भेटतात. भारतातली बीडीएस पदवी स्पेनमध्ये आपोआप चालत नाही, तिला तिथल्या सरकारची मान्यता लागते. ती नसताना कुणी तुमच्या तोंडात ड्रिल घालत असेल तर तो गुन्हा आहे, आणि काही बिघडलं तर दाद मागायला जागा नाही.

दर आणि कागद

दंतवैद्याच्या फीवर स्पेनमध्ये सरकारी दरपत्रक नाही, ज्याने त्याने आपले दर ठरवावेत. मोठ्या शहरांत साधारण असं चालतं: सफाई ४० ते ७० युरो, फिलिंग ५० ते ९०, रूट कॅनाल १५० ते ३००, त्यावरची कॅप ३०० ते ५००, कॅपसकट इम्प्लांट हजाराच्या पुढेच. पुढच्या दाताचं रूट कॅनाल स्वस्त आणि दाढेचं महाग, कारण दाढेत मुळांच्या नळ्या जास्त. हिशेबाला सोपं म्हणून युरो १०० रुपयांना धरा. म्हणजे एक दाढ रूट कॅनाल आणि कॅपसकट ५० ते ८० हजारांना. बेळगावात तेच काम किती कमी पैशात होतं हे तुम्हाला माहीत आहे.

पहिली तपासणी अनेक क्लिनिकं फुकट करतात. फुकट आहे म्हणून संकोच नको आणि लगेच हो म्हणायची घाईही नको. तपासणीनंतर 'प्रेसुपुएस्तो' म्हणजे लेखी अंदाजपत्रक मागायचं. त्यात प्रत्येक दाताचा क्रमांक आणि त्यापुढे काम व रक्कम हवी. ३६ नंबर म्हणजे डावीकडची खालची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे उजवीकडची. ही दोन आकडी पद्धत आपल्याकडचे दंतवैद्यही वापरतात. याचा फायदा घ्या. अंदाजपत्रक आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला आपल्याकडे ओपीजी म्हणतात, घरच्या डॉक्टरला व्हॉट्सअॅपवर पाठवा. भाषा कळली नाही तरी दाताचा नंबर आणि फोटो त्याला कळतो. चार दाढांचं काम खरंच आहे की दोनाचंच, हे तो पाच मिनिटांत सांगतो. एक्स-रे द्यायला क्लिनिक कां-कू करत असेल तर २००२ च्या रुग्णहक्क कायद्याचं नाव घ्या. आपल्या उपचाराच्या कागदांची प्रत मागायचा हक्क रुग्णाला त्या कायद्याने दिलेला आहे.

दंतोपचारावर स्पेनमध्ये आयव्हीए, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, लागत नाही. कुणी "बिल नको असेल तर कर वाचेल" म्हणाला तर हसायचं आणि 'फाक्तुरा' म्हणजे पक्कं बिल मागायचं. कर मुळात नाहीच, मग वाचणार काय? वाचतो तो त्याचा, तुमचा पुरावा मात्र जातो. रोख पैशांचंही तसंच. २०२१ पासून स्पेनमध्ये राहणाऱ्या माणसाने व्यावसायिकाला १,००० युरो किंवा त्याहून मोठा व्यवहार रोखीत करणं बेकायदा आहे. कार्डाने किंवा बँकेतून द्या.

स्वस्तात चांगलं काम हवं असेल तर विद्यापीठाची क्लिनिकं आहेत. बेळगावात केएलईच्या किंवा गोव्यात बांबोळीच्या डेंटल कॉलेजात कमी पैशात उपचार होतात, तसाच हा प्रकार. बार्सिलोना विद्यापीठाचं दंत रुग्णालय बेल्वित्जेला आहे. मेट्रोच्या लाल लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. सांत कुगातलाही एका खासगी विद्यापीठाचं क्लिनिक आहे. काम शिकणारे विद्यार्थी करतात, वर प्राध्यापकांची देखरेख असते. पैसे वाचतात, वेळ मात्र जातो. एका दाढेसाठी तीन-चार खेपा धरून चाला.

दातांचा विमा आणि हप्त्याचं गणित

स्पेनमध्ये दातांचा वेगळा विमा मिळतो, महिन्याला दहा युरोच्या आसपास. जाहिरात बघून वाटतं, एवढ्यात सगळं झालं. तसं नाही. हा विमा म्हणजे खरं तर सवलतीचं कार्ड. तपासणी, सफाई, एक्स-रे, साधी दाढ काढणं यातलं बरंचसं हप्त्यात येतं. बाकीच्या कामांना कंपनीचं ठरलेलं दरपत्रक असतं आणि तो दर तुम्हीच भरायचा असतो. समजा, बाहेर रूट कॅनाल २५० आणि कॅप ४००, विम्याच्या दरात १६० आणि २९०. एका दाढेमागे २०० वाचले, वर्षाचा हप्ता १२० गेला. मग परवडला. फक्त सफाईच करायची असेल तर नाही परवडला. असा साधा जमाखर्च मांडून ठरवा.

इथे एक मेख आहे. हप्ता महिन्याचा असला तरी करार बहुधा वर्षाचा असतो. स्पॅनिश विमा कायद्याप्रमाणे नूतनीकरण नको असेल तर मुदत संपायच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावं लागतं. सहा महिन्यांच्या सेमिस्टरला गेलेल्या मुलाने काम झालं म्हणून हप्ता थांबवला, तर उरलेल्या महिन्यांची मागणी मागे लागू शकते.

त्याहून मोठा धोका हप्त्यावरच्या उपचाराचा. मोठ्या साखळी क्लिनिकांत रिसेप्शनवर डॉक्टरच्या आधी विक्रीवाला भेटतो. तो पूर्ण तोंडाचं अंदाजपत्रक काढतो, तीन-चार हजार युरोचं, आणि लगेच "महिन्याला फक्त इतके" म्हणून फायनान्सचा कागद पुढे करतो. सही झाली की फायनान्स कंपनी सगळी रक्कम क्लिनिकला देऊन मोकळी होते आणि तुम्ही दोन-तीन वर्षं हप्ते भरत राहता. क्लिनिक मध्येच बंद पडलं तर?

असं तिथे एकदा नाही, तीनदा झालंय. २०१६ च्या जानेवारीत फनीडेंट नावाच्या साखळीने एका रात्रीत शटर खाली ओढलं. २०१८ मध्ये आयडेंटल बंद पडली. गरिबांना सवलतीत दात बसवून देतो अशी तिची जाहिरात होती. हजारो लोकांची कामं अर्धवट राहिली आणि प्रकरण स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयात गेलं. २०२० मध्ये डेंटिक्स दिवाळखोरीत गेली. दात काढून झालेले, नवे बसलेले नाहीत आणि बँकेचा हप्ता चालू, अशी माणसं रस्त्यावर उतरली होती. आपल्याकडे पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांची जी अवस्था होते, तीच. फक्त इथे तोंडही उघडं पडलेलं.

यावर कायद्याचा आधार आहे, आणि तो माहीत असायला हवा. ग्राहक कर्जाच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे असं कर्ज उपचाराशी जोडलेलं मानलं जातं. क्लिनिकने काम केलं नाही, तर आधी क्लिनिककडे लेखी मागणी करायची, आणि तिचा उपयोग झाला नाही तर तीच तक्रार फायनान्स कंपनीविरुद्धही लावता येते. कर्जावर सही केल्यापासून १४ दिवसांत कारण न देता माघारही घेता येते. फक्त त्यासाठी कर्जाच्या करारावर उपचार आणि क्लिनिकचं नाव असलं पाहिजे. कुठलंसं साधं वैयक्तिक कर्ज काढून पैसे क्लिनिकला दिलेत, तर हे संरक्षण गेलं.

"बिनव्याजी" म्हटलं तरी 'ताए' हा आकडा बघा. व्याजाशिवाय लावलेलं कमिशन, फी हे सगळं मिसळून वर्षाचा खरा दर त्यात असतो. व्याज शून्य आणि ताए नऊ टक्के, असं असू शकतं. त्यापेक्षा माझं म्हणणं विचाराल तर, जेवढं काम झालं तेवढेच पैसे द्यायचे. आज ३६ नंबरचं रूट कॅनाल, आज त्याचे पैसे. पुढची दाढ पुढच्या महिन्यात. लहान क्लिनिकं याला तयार असतात. सगळे आगाऊ मागणाऱ्या ठिकाणाहून उठून बाहेर पडलेलं चांगलं.

रात्री, रविवारी आणि ऑगस्टमध्ये

ऑगस्टमध्ये बार्सिलोना सुट्टीवर जातं. बरीच क्लिनिकं दोन-तीन आठवडे बंद असतात. दुपारचंही काम अनेक ठिकाणी दोन ते चार थांबतं. चोवीस तासांची खासगी दंत सेवा शहरात आहे, पण रात्रीचा दर विचारूनच निघा. कॅटलोनियात ०६१ वर फोन केला तर कुठे जायचं ते आरोग्य खातं सांगतं. गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, अशा वेळी क्लिनिक शोधत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, नाहीतर ११२ लावा. दाताचा पू गळ्यात उतरला तर जीवावर बेततं.

मेडिकल दुकानं हिरव्या क्रॉसवरून ओळखता येतात. पण आपल्यासारखं "दाढ दुखतेय, काहीतरी द्या" म्हणून अँटिबायोटिक मिळणार नाही, त्याला चिठ्ठी लागतेच. आयबुप्रोफेन ४०० ची आणि पॅरासिटामॉल साडेसहाशेपर्यंतची गोळी चिठ्ठीशिवाय देतात. ६०० ची आयबुप्रोफेन किंवा एक ग्रॅमची पॅरासिटामॉल मागितली तर प्रिस्क्रिप्शन विचारतात. भारतातून जाताना बॅगेत अमॉक्सिसिलिन घालून नेणारे पुष्कळ. त्याने सूज दोन दिवस दबते, मूळ तिथेच राहतं आणि महिन्याने दुप्पट होऊन वर येतं.

शब्द थोडे लक्षात ठेवा. दाढ म्हणजे 'मुएला', कॅटलानमध्ये 'केशाल'. "मे दुएले उना मुएला" एवढं म्हटलं की काम सुरू होतं. फिलिंग 'एम्पास्ते', रूट कॅनाल 'एन्दोदोन्सिया', गाल सुजवणारा पू 'फ्लेमोन'. आणि अक्कलदाढेला तिकडेही अक्कलदाढच म्हणतात: स्पॅनिशमध्ये 'मुएला देल हुईसिओ', कॅटलानमध्ये 'केशाल देल सेन्य'.

आता राहिला नेहमीचा प्रश्न: तिकडे करायचं की सुट्टीत घरी येऊन? फिलिंग आणि ठणकणारी दाढ थांबत नाही, ती तिथेच. खर्च झेपत नसेल तर रूट कॅनाल तिथे करून तात्पुरतं बंद करून घ्यायचं आणि कॅप सुट्टीत इथे बसवायची, पण सुट्टी काही आठवड्यांवर असेल तरच. वर्षभर तशी ठेवली तर दाढ फुटते. कॅपला साधारण आठवडाभर लागतो, तेवढी रजा हवी. इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला काही महिने जातात, म्हणजे भारतात करायचं तर दोन फेऱ्या. विमानाचं तिकीट धरलं की बचत बरीच कमी होते. आणि मध्ये काही बिघडलं तर दुसऱ्याने बसवलेल्या इम्प्लांटला हात लावायला तिकडचा डॉक्टर सहसा तयार होत नाही, निदान कंपनी आणि मापाचा कागद मागतोच. तो कागद इथून मागून न्या.

जे अजून निघालेले नाहीत, त्यांनी तिकीट काढल्याच्या आठवड्यातच दंतवैद्याची वेळ घ्यावी, निघायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. ओपीजी काढून त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी, किडलेलं भरून घ्यावं, आडवी आलेली अक्कलदाढ असेल तर काढायची की नाही ते इथेच ठरवावं. जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात.

आणि तिकडे काही वाकडं झालंच, तर प्रत्येक क्लिनिकला अधिकृत तक्रार-फॉर्म ठेवावाच लागतो. तो मागा, भरा, आपली प्रत घ्या. नंतर महापालिकेच्या ग्राहक माहिती कार्यालयात, ओमिकमध्ये, आणि दंतवैद्यांच्या कोलेजिओत अर्ज करता येतो. सोबत सही केलेलं अंदाजपत्रक, बिलं आणि एक्स-रे जोडा.

— प्रतिनिधी, बेळगाव